हाताला ओ देणारी गोधडी: स्पर्श ओळखणारी कलाकृती घरी कशी करावी

माझ्या पहिल्या गोधडीत तांत्रिक दोष एकही नव्हता, तरी ती फसली. चार ठिगळं, प्रत्येकाखाली एक सेन्सर, आणि ठिगळाला हात लागला की आजीच्या आवाजातलं एक वाक्य. तयार झाल्यावर मी ती आजीच्याच मांडीवर ठेवली. तिनं चारही ठिगळं एकेकदा दाबून पाहिली, चारही वाक्यं ऐकली, "छान झालंय गं" म्हणाली आणि घडी घालून शेजारी ठेवून दिली. नंतर गप्पा मारताना तिचा हात सवयीनं त्या घडीवरून फिरत होता. टाक्यांवरून, चुण्यांवरून, कडेच्या उसवलेल्या दोऱ्यावरून. मधूनच एखादं वाक्य भलत्या वेळी वाजायचं आणि ती हात मागे घ्यायची. हात लागला एवढंच गोधडीला कळत होतं. कसा लागला, ते कळत नव्हतं.

दुसरी गोधडी करताना मी एकच गोष्ट बदलली: दाबण्याऐवजी कुरवाळणं ओळखायचं. बाकीचे सगळे निर्णय त्यातून आपोआप निघाले. हा लेख त्या दुसऱ्या गोधडीचा आहे. तुम्हाला धावदोरा घालता येत असेल आणि सोल्डरिंगची थोडी सवय असेल, तर दोन-तीन शनिवार-रविवारांत ही होते.

आधी क्रियापद ठरवा

सर्किटच्या आधी एक वही घ्या आणि आपल्या भाषेतली स्पर्शाची क्रियापदं लिहून काढा. कुरवाळणं, गोंजारणं, थोपटणं, चापटणं, चाचपणं, चोळणं, कवटाळणं, पाठीवरून हात फिरवणं. प्रत्येकाचा वेग वेगळा, दाब वेगळा, ताल वेगळा आणि भावही वेगळा. थोपटणं आणि चापटणं यांत हाताची हालचाल जवळपास तीच असते, पण एकात बाळ झोपतं आणि दुसऱ्यात दचकून उठतं. 'स्पर्श' असा एकच मोघम शब्द धरून काम केलंत, तर शेवटी बटणच तयार होतं.

मी तीन क्रियापदं घेतली. हात नुसता ठेवणं, कुरवाळणं आणि थोपटणं. हात ठेवला की गोधडी काहीच बोलत नाही, फक्त जागी राहते. कुरवाळली की आजी बोलते. थोपटली की आवाज मंदावत जातो आणि गोधडी झोपते. तुम्ही यादी वेगळी करा, पण तीनाच्या वर जाऊ नका. चौथं आलं की वापरणारा माणूस नियम शोधायला लागतो आणि हातातलं कापड विसरतो.

त्वचेला कोणता वेग आवडतो

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे आकडे इथूनच येतात.

आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, दंडावर, पाठीवर सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. तळहातावर ते अगदीच विरळ. त्यांचा निरोप मेंदूकडे फार संथ जातो, सेकंदाला साधारण १ मीटर. काय टोचलं, कुठे टोचलं हे सांगणारे जलद तंतू वेगळे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की मऊ ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं फिरला की हे संथ तंतू सर्वात जोमानं जागे होतात, आणि लोकांनाही तोच वेग सर्वात सुखाचा वाटतो. त्याहून जलद किंवा त्याहून हळू झालं की सुख ओसरतं. स्पर्शाचं तापमान त्वचेइतकं, ३२ अंशांच्या आसपास असेल तर या तंतूंचा प्रतिसाद आणखी चांगला येतो.

मला सर्वात उपयोगी पडला तो २०१६ चा एक अभ्यास. लोकांना आपलं बाळ, आपला जोडीदार किंवा एक कृत्रिम हात कुरवाळायला सांगितलं. बाळ आणि जोडीदार यांच्यावर हात न सांगता याच संथ वेगानं फिरला, कृत्रिम हातावर मात्र भराभर. म्हणजे समोरचं जिवंत आहे की वस्तू, हे हाताच्या वेगावरून कळतं. तुमच्या कलाकृतीवर लोकांचे हात भराभर फिरत असतील, तर त्यांनी तिला अजून वस्तूच मानलेलं आहे. माझ्यासाठी हीच कसोटी ठरली, आणि गोधडीनं ओळखायचं तेही हेच.

स्पर्शाशी खेळणाऱ्या दोन कलाकृती डोळ्यांसमोर ठेवाव्यात अशा आहेत. पॉल सर्मन यांनी १९९२ साली 'टेलिमॅटिक ड्रीमिंग'मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणचे पलंग व्हिडिओनं जोडले होते. एका पलंगावरच्या माणसाची प्रतिमा दुसऱ्या पलंगावर पडायची आणि लोक त्या प्रकाशाच्या माणसाला शिवायला हात पुढे करायचे, काहीजण अवघडून मागे घ्यायचे. राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६ च्या 'पल्स रूम'मध्ये शंभरावर दिवे टांगलेले असतात. समोरची मूठ (हँडल) हातात धरली की जवळचा दिवा तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर उघडझाप करतो, आणि मूठ सोडली की तुमचा ठोका रांगेतल्या पुढच्या दिव्यात सरकतो. हात काढून घेतल्यावर काय होतं, याचा एवढा विचार फार कमी कामांत दिसतो. आपल्या गोधडीतही तो करायचा आहे.

सामान

इएसपी३२ हा प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, डीएफप्लेअर मिनी हा आवाज वाजवणारा मॉड्यूल, मायक्रोएसडी कार्ड (३२ जीबीपर्यंतचं), ३ वॅट ४ ओहमचा स्पीकर, १ किलोओहमचा एक रेझिस्टर, स्विच, पॉवर बँक, स्टीलचा विद्युतवाहक दोरा आणि टिचबटणं. बहुतेक सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. दोरा मात्र मला ऑनलाइनच मागवावा लागला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे. पूर्वी तिथे पासोड्या विकल्या जात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. पांघरुणांच्या त्या जुन्या बाजाराच्या आसपासच मी गोधडीसाठी बोर्ड आणि तारा घेतल्या, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

स्पीकर शक्यतो ३ इंची घ्या. बायकांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असतो, आणि त्वचेतले कंपन टिपणारे संवेदक २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वात तीक्ष्ण असतात. स्पीकर गोधडीच्या आत, मांडीवर येईल असा बसवला तर आवाज कानाला ऐकू येतोच, शिवाय मांडीलाही जाणवतो. अगदी लहान स्पीकरमधून तो खालचा स्वर निघतच नाही. फोनसारखी कंपन-मोटर बसवायचा मोह टाळा. ती थरथर आपल्याला फोनचीच आठवण करून देते.

ऊब देण्यासाठी विजेची तार घालू नका. म्हातारी माणसं आणि मुलं वापरणार असतील तर मुळीच नको. गोधडी उन्हात घाला, तेवढं पुरतं.

आवाज भरणं

माणसाला माइकसमोर बसवून "बोल" म्हटलं की आवाज ताठ होतो. आजीला मी तांदूळ निवडायला दिले आणि फोन ताटाच्या बाजूला, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला. हात कामात गुंतले तसा आवाज सैल झाला. ताटातला खडा बाजूला सारल्याचा आवाज मध्ये मध्ये येतो. तो मी कापला नाही.

दीड-दोन तास बोलणं भरा आणि त्यातून १५ ते ४० सेकंदांचे बारा-पंधरा तुकडे काढा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा हळू चढणारा भाग ठेवा, नाहीतर पहिला शब्द अंगावर आल्यासारखा वाटतो. एमपी३ करून कार्डावर 'एमपी३' नावाच्याच फोल्डरमध्ये (नाव इंग्रजी अक्षरांत) चार अंकी क्रमांकानं, इंग्रजी आकड्यांत साठवा.

ज्याचा आवाज, त्याला सगळं आधी सांगा. कशासाठी, कोण ऐकेल, तो माणूस गेल्यावरही वाजेल का. आजीनं दोन तुकडे काढायला लावले आणि एक नव्यानं सांगितला. यंत्राकडून तिच्या आवाजात नवी वाक्यं बनवून घेणं आज सोपं आहे. मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं. ती जे बोललीच नाही, ते तिच्या तोंडी घालण्याचा हक्क आपल्याला नाही.

पट्ट्या आणि थर

मराठीत शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणंही. या गोधडीत दोन्ही अर्थ एकाच दोऱ्यात येतात, कारण धावदोराच सेन्सर आहे.

गोधडी ६० बाय ९० सेंटिमीटर ठेवा, मांडीवर मावेल एवढी. जुनं नऊवारी लुगडं सर्वात उत्तम, धुऊन धुऊन मऊ झालेलं. वेगळ्या मलमलीच्या तुकड्यावर स्टीलच्या दोऱ्यानं तीन पट्ट्या घाला. प्रत्येक पट्टी १२ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद, त्यात दर ३ मिलिमीटरला धावदोऱ्याची एक ओळ, सलग एकाच दोऱ्यानं. एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत बरोबर ६ सेंटिमीटर अंतर ठेवा. हे अंतर पुढे हिशेबात लागतं, म्हणून आधी खडूनं आखून घ्या. पट्ट्या हात फिरण्याच्या दिशेला आडव्या हव्यात.

हा दोरा फिसकटतो. टोकाला मेण लावा, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, आणि गाठ मारली की तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर आठवड्यात सुटते. मी आधी स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरून पाहिली होती. दहा-बारा घड्यांत तिचे तुकडे झाले.

थर असे लावा. सर्वात वर लुगडं, लगेच खाली पट्ट्यांची मलमल. त्याखाली जुन्या सुती कापडाचे चार-पाच थर, मग तारा आणि शेवटी अस्तर. पट्टीवर एकच पातळ कापड असलं तर हात सहज जाणवतो. तारा मात्र खोल ठेवा, कारण तारही स्पर्श टिपते आणि भलतीकडे हात लागला तरी बोर्डाला मिळणारा स्पर्शाचा आकडा हलतो. मधले थर जाड ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. खालची मांडीसुद्धा माणसाचं शरीरच आहे. पातळ गोधडीला मांडीचा स्पर्श आणि हाताचा स्पर्श यांतला फरक कळत नाही.

स्टीलच्या दोऱ्याला साधं सोल्डर धरत नाही. दोऱ्याचं टोक टिचबटणाच्या भोकांतून पाच-सहा वेळा फिरवून घट्ट शिवा. बटणाच्या दुसऱ्या अर्ध्याला तार सोल्डर करा, ते काम बटण कापडाला लावण्याआधीच उरका. अशी टिचबटणं लावली की धुताना सगळं इलेक्ट्रॉनिक्स काढून ठेवता येतं.

जोडणी

तीन पट्ट्या इएसपी३२ च्या २७, ३२ आणि ३३ क्रमांकाच्या पिनांना जोडा. स्पर्श ओळखणाऱ्या पिना दहा आहेत, पण ०, २, १२, १५ या बोर्ड सुरू होताना वापरात असतात, म्हणून त्या टाळा. डीएफप्लेअरसाठी १६ आणि १७. यातल्या १७ क्रमांकाची तार प्लेअरच्या आरएक्स (निरोप घेणाऱ्या) पिनेकडे जाते आणि तिच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर घालायचा, नाहीतर स्पीकरमधून सतत बारीक खरखर येते. प्लेअरची 'बिझी' पिनही एका रिकाम्या पिनेला जोडून घ्या. आवाज चालू असताना ती शून्यावर असते. वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. काही पॉवर बँका एवढा कमी प्रवाह पाहून आपोआप बंद पडतात, तेव्हा घेण्याआधी अर्धा तास चालवून पाहा.

कुरवाळणं ओळखणारा प्रोग्राम

अशा बोर्डांसाठी वापरतात त्या आर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये, नेहमीच्या पद्धतीनंच लिहायचा आहे. तर्क नीट समजला की ओळी सुचतात.

दर २० मिलिसेकंदांनी तिन्ही पट्ट्यांचा आकडा वाचा आणि शेवटच्या पाच वाचनांची सरासरी धरा. मूळ इएसपी३२ वर हात लागला की आकडा खाली येतो. त्याच्याच एस२ आणि एस३ या प्रकारांच्या बोर्डांवर तो वर जातो, तेव्हा आपला बोर्ड कोणता ते बघून घ्या. रिकाम्या गोधडीचा आकडा म्हणजे 'पाया'. सरासरी पायाच्या १५ टक्के खाली गेली की हात आला असं माना, आणि ८ टक्क्यांच्या आत परत आली की हात गेला. दोन्हीला एकच हद्द ठेवली तर कडेवरचा हात आला-गेला असा थरथरत राहतो. हे टक्के माझ्या कापडाचे आहेत. तुमचे तुम्ही पाहून ठरवा.

आता कुरवाळणं. प्रत्येक पट्टीवर हात पहिल्यांदा आला तो क्षण टिपून ठेवा. क्रम एक-दोन-तीन किंवा तीन-दोन-एक असावा आणि दोन पट्ट्यांमधला वेळ ०.६ ते ६ सेकंद असावा. ६ सेंटिमीटर अंतर ०.६ सेकंदांत म्हणजे सेकंदाला १०, आणि ६ सेकंदांत म्हणजे सेकंदाला १. वर सांगितलेला त्वचेचा वेग तो हाच. त्याहून जलद फिरलेल्या हाताला गोधडीनं काहीही उत्तर द्यायचं नाही. चुकीचा बझर नको, लाल दिवा नको, नुसती शांतता हवी. माणूस दोन-तीनदा भरभर हात फिरवतो, थांबतो, मग आपोआप हळू होतो. तो बदल घडताना पाहण्यासाठीच मी ही गोधडी करत होते.

कुरवाळल्यावर पुढचा तुकडा सुरू होतो. हात कुठल्याही पट्टीवर असेपर्यंत तो चालू राहतो. हात उचलला की आवाजाची पातळी दर १०० मिलिसेकंदांनी एकेक पायरी खाली आणा आणि शून्यावर आली की तुकडा तिथेच थांबवा. बंद करू नका, थांबवा. पुन्हा कुरवाळलं की गोष्ट तिथूनच पुढे सरकते.

थोपटणं म्हणजे एकाच पट्टीवर हात येणं-जाणं, लागोपाठ किमान चार वेळा, आणि मधल्या अंतरांत फार तर पाव हिश्श्याचा फरक. ताल धरून थोपटलं तरच गोधडी झोपावी. झोपल्यावर जागं करायला दोन पूर्ण वेळा कुरवाळावं लागेल, असं ठेवा.

पावसाळा, आणि न मागता आलेला आवाज

आधीच्या प्रोग्राममध्ये पाया मी एकदाच, सुरू करताना मोजत होते. ती चूक मला जुलैत कळली. दमट हवेत सुती कापड ओल धरतं, आकडे हळूहळू सरकतात, आणि हात नसतानाच हात आल्याचा भास होतो. गोधडी आईच्या खोलीत होती. आजीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. रात्री अडीचच्या सुमारास गोधडी आपोआप बोलायला लागली. पहिल्याच तुकड्यात आजी आईला नावानं हाक मारते. आईनं मला हे सकाळी सांगितलं, तेही चहा झाल्यावर. ती घाबरली नव्हती. झोपेत तिनं ओ दिली होती, आणि मग जागी होऊन उजाडेपर्यंत बसून राहिली होती.

त्या दिवशी मी गोधडी उसवली नाही, पण प्रोग्राम पूर्ण बदलला. हात नसताना पाया दर वाचनाला फरकाच्या एक शतांशानं नव्या आकड्याकडे सरकवा, म्हणजे ओल चढली तरी पाया सोबत चढतो-उतरतो. हात असताना पाया हलवू नका. एखादी पट्टी पाच मिनिटं सलग 'हात आहे' म्हणत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, पाया नव्यानं घ्या. तीनही पट्ट्यांचा क्रम जुळल्याशिवाय आवाज नाही, हा नियम इथे सर्वात जास्त कामाला येतो. दमटपणा ओळीनं एक-दोन-तीन असा चालत येत नाही. आणि बाहेरून दिसेल असा खराखुरा खटक्याचा स्विच बसवा. गेलेल्या माणसाचा आवाज घरात केव्हा नको, हे घरच्यांना ठरवता आलं पाहिजे. हाक मारणारा तुकडा मी कार्डावरून काढून आईला वेगळा दिला.

लोकांसमोर ठेवताना

प्रदर्शनात 'स्पर्श करू नका' वाचायची सवय लागलेली असते, म्हणून 'हात लावा' अशी पाटी लावूनही लोक लांबच उभे राहतात. पाटीपेक्षा खुर्ची उपयोगी. बसायला जागा द्या आणि गोधडी स्वतः त्यांच्या मांडीवर ठेवा. आपल्याकडे 'शिवू नको' या शब्दांनी माणसांना पिढ्यानपिढ्या दूर ठेवलं आहे. हाताशी येऊन थबकणारी बाई का थबकली, हे आपल्याला माहीत नसतं. तिला घाई करू नका, आणि तिनं हात लावल्यावर तिच्यादेखत गोधडी पुसू नका. स्वच्छतेसाठी वरचं लुगडं काढता येईल असं कच्च्या टाक्यांनी लावा आणि दिवसाअखेर बदला.

शेजारी स्क्रीन ठेवू नका. स्क्रीन आली की डोळे तिकडे जातात आणि हात थांबतो.

धुणं आणि दुरुस्ती

टिचबटणं सोडवा, बोर्डाचा डबा आणि स्पीकर काढा, गोधडी थंड पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवा. पिळू नका. दोरा मोडला तर पट्टीची अख्खी ओळ जाते. पावसाळ्यात दोन दिवस वाळवूनही आत ओल राहते, म्हणून जोडण्याआधी मल्टीमीटर एका पट्टीवर आणि शेजारच्या पट्टीवर लावून दोन्ही आपसांत जोडल्या गेल्या नाहीत ना, ते तपासा. मग एकाच पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा अखंड आहे का, ते पाहा.

कोणतं बटण कोणत्या पट्टीचं, याची खूण अस्तराच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्यानं घालून ठेवा: पहिलीला एक टाका, दुसरीला दोन, तिसरीला तीन. वायरिंगचा कागद घडी करून त्याच बाजूला एका खिशात ठेवा. पुढे कधी ही गोधडी उसवायला बसणारी व्यक्ती तुम्हीच असाल असं नाही.